घराची ड्रेनेज लाईन फुटली किंवा तुंबली तर: खर्च कसा मोजायचा, काम कसं करून घ्यायचं

संडासचं पाणी उतरत नाही, वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली की खालच्या मोरीत पाणी उलटं येतं, अंगणात वास सुटतो. अशा वेळी माणूस घाबरतो आणि ज्याचा नंबर आधी मिळेल त्याला बोलावतो. तो येऊन म्हणतो, "पूर्ण लाईन बदलावी लागेल," आणि दुपारपर्यंत बोळातली फरशी फुटलेली असते. खर्चाचा मोठा वाटा इथेच ठरून जातो. या कामात पाईप स्वस्त असतो. फोडणं, खोदणं, भरणं, चेंबर बांधणं आणि पुन्हा कोबा करणं यात पैसा जातो. त्यामुळे चुकीच्या जागी खोदलेला प्रत्येक फूट दोनदा महाग पडतो, एकदा उकरताना आणि एकदा बुजवताना.

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव अशा गावांत स्वतःचं घर, रो-हाऊस किंवा लहान अपार्टमेंट असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. आपल्याकडे घरांचं सांडपाणी तीन प्रकारे बाहेर जातं. कुठे भुयारी गटारीला जोड आहे, कुठे संडास सेप्टिक टाकीत आणि मोरीचं पाणी समोरच्या उघड्या गटारीत जातं, तर कुठे टाकीचं निघणारं पाणी शोषखड्ड्यात मुरतं. आपलं घर यातल्या कशात बसतं हे माहीत नसेल तर आधी तेवढं शोधा. पुढची प्रत्येक पायरी त्यावर अवलंबून आहे.

१. फरशीला हात लावण्याआधी: अडलंय कुठे ते शोधा

साधनं घरातलीच लागतात: चेंबरचं झाकण उचलायला पहार, दोन बादल्या पाणी, कपड्यांची नीळ, टॉर्च, मोजपट्टी, खडू. चेंबर उघडताना बिडी, काडीपेटी, निरांजन जवळ नको. आतला वायू पेट घेऊ शकतो. झाकण उघडून दहा मिनिटं बाजूला उभे राहा, मग लांबूनच बघा.

एकच संडास किंवा एकच मोरी तुंबली असेल आणि बाकी सगळं नीट वाहत असेल, तर दोष त्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी साचून राहतं त्या वळणात) किंवा तिथून पहिल्या चेंबरपर्यंतच्या तुकड्यात आहे. मुख्य लाईनला हात लावायचं कारण नाही.

सगळंच तुंबलं असेल तर घरापासून फाटकापर्यंत एकेक चेंबर उघडा. मागचा भरलेला आणि पुढचा कोरडा असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधे आहे. फाटकाजवळचा शेवटचा चेंबरही काठोकाठ भरलेला असेल, तर अडथळा पुढच्या जोडात किंवा रस्त्यातल्या लाईनमध्ये आहे. शेजारच्या दोन घरांत विचारा. त्यांचीही तीच तक्रार असेल तर रस्त्यातली लाईन तुंबली आहे आणि ते काम पालिकेचं आहे. खोदणारा माणूस तुम्ही बोलवायची गरज नाही.

पाणी वाहतंय पण हळू, असं असेल तर वरच्या चेंबरमध्ये निळीचं बादलीभर पाणी एकदम ओता. तीस फूट अंतरावरच्या खालच्या चेंबरमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आत निळा लोंढा दिसायला हवा. उशिरा आणि फिकट दिसला तर मधे कुठेतरी पाईप बसलाय, म्हणजे खचलाय. खूपच कमी पाणी पोचलं तर ते जमिनीत मुरतंय, म्हणजे जोड उघडलाय.

आता नेमकी जागा. प्लंबरची कांबी किंवा बांबूची लांब कामटी पाईपात सरकवायला सांगा. ती अडेल तिथे चेंबरच्या भिंतीशी कामटीवर चिकटपट्टी लावा, बाहेर काढा आणि मोजा. समजा अकरा फूट भरलं, तर चेंबरच्या आतल्या भिंतीपासून पाईपच्या रेषेत अकरा फुटांवर जमिनीवर खडूने फुली मारा. खोदायला सुरुवात करायची ती याच फुलीवर, तीन फूट लांबीत.

कामटीच्या टोकाला काय लागून आलं तेही नीट बघा. चिकट तुपकट गाळ, कापडाचं चिंधूक, सॅनिटरी पॅड आलं तर पाईप शाबूत असू शकतो, फक्त चोकअप आहे. काळी माती किंवा मुरूम आला तर पाईप फुटलाय किंवा जोड सुटलाय, कारण बाहेरची माती आत यायला दुसरी वाट नाही. केसांसारखी बारीक मुळं आली तर झाडाने जोडातून शिरकाव केलाय.

२. सेप्टिक टाकी असेल तर एक गोष्ट आधी

टाकी भरली की घरातल्या सगळ्या जागा एकदम हळू होतात आणि ते फुटलेल्या लाईनसारखंच दिसतं. टाकी दोन-तीन वर्षांत उपसली नसेल तर आधी सक्शन टँकर बोलवा. बऱ्याच वेळा काम तिथेच संपतं.

टाकी उपसूनही पावसाळ्यात पुन्हा महिन्याभरात भरत असेल तर संशय शोषखड्ड्यावर घ्या. तापी-गिरणा खोऱ्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. काळ्या मातीतच संपणारा शोषखड्डा जुलैत भरलेली विहीर होतो. तो खाली मुरमाच्या थरापर्यंत नेणं किंवा भुयारी गटारीचा जोड घेणं, हेच उपाय. अशा घरात पाईप बदलून काहीही फरक पडत नाही.

टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून उतरलेली माणसं आतल्या वायूने जागीच कोसळतात, आणि त्यांना काढायला उतरलेलाही वर येत नाही. हायड्रोजन सल्फाईडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, त्यामुळे "वास येत नाही, म्हणजे ठीक आहे" हा अंदाज जीव घेतो. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात, सुरक्षासाधनांशिवाय गटार किंवा टाकी साफ करायला लावणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. काम सांगणारा घरमालकही त्यात येतो. टँकरचे पैसे वाचवण्यासाठी कुणाच्या घरातला माणूस जाऊ देऊ नका.

३. लाईन कोणाची, खर्च कोणाचा

ढोबळ रेषा अशी: घरापासून पालिकेच्या गटारीला जिथे जोड मिळतो तिथपर्यंतची लाईन मालकाची, तिथून पुढची पालिकेची. पुष्कळ लोकांना वाटतं की कंपाउंडच्या बाहेर पडलं की आपली जबाबदारी संपली. तसं नाही. फाटकापासून रस्त्याच्या मधल्या मॅनहोलपर्यंतचा जोडही सहसा तुमच्याच खर्चात येतो, आणि तोच सगळ्यात महाग असतो, कारण वर रस्ता आहे.

दोष पालिकेच्या लाईनमध्ये असेल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य अथवा मलनिःसारण विभागात लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. सोबत भरलेल्या शेवटच्या चेंबरचा तारखेसह फोटो जोडा. जळगाव-धुळ्यात अमृत योजनेतून भुयारी गटारीची कामं झालेल्या भागात नवा जोड घ्यायचा असेल, तर जलनिःसारण जोडणी ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. म्हणजे अर्जाची पोच, ठरलेली मुदत आणि मुदत उलटल्यास अपील, हे तुमचे हक्क आहेत. पोच न घेता अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका.

सोसायटीत राहत असाल तर आदर्श उपविधींप्रमाणे ड्रेनेज लाईन आणि सेप्टिक टाकीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातून होते. तुमच्या फ्लॅटच्या आतली मोरी आणि ट्रॅप तुमचा. यासाठीच दुरुस्ती निधी असतो, तो दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के जमवायचा असतो. तळमजल्यावाला त्रासात आहे म्हणून त्यानेच खर्च करावा, हे म्हणणं चूक आहे. त्याच्या मोरीत येतं ते वरच्या सगळ्यांचं पाणी. अपार्टमेंट १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेलं असेल तर घोषणापत्रात प्रत्येकाचा अविभाज्य हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, वाटणी त्याप्रमाणे करा.

जुन्या गावातल्या धाब्याच्या घरांत आणि गल्ल्यांत दोन-तीन घरांची लाईन एकाच बोळातून जाते. तिथे खोदण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या. साधा कागद, दोन सह्या, खर्चाची वाटणी आणि काम चालू असताना त्यांनी कोणता संडास वापरायचा, एवढं पुरे.

४. न खोदता सुटतं का ते बघा

चोकअप असेल तर कामटी, नाहीतर जेटिंग मशीन (दाबाच्या पाण्याने लाईन साफ करणारं). जेटिंगवाल्याला आधी सांगा की पाईप कशाचा आहे. जुने चिनी मातीचे पाईप दोन-दोन फुटांच्या तुकड्यांचे असतात, म्हणजे तीस फुटांत साधारण पंधरा सिमेंटचे जोड. जास्त दाबाने जेट मारला तर हेच जोड निखळतात. दाब कमी ठेवून, खालच्या चेंबरकडून वरच्या दिशेने काम करायला सांगा.

वर्षभरात एकाच जागी दोनदा चोकअप झाला तर तिसऱ्यांदा जेटिंगवर पैसे घालू नका. तिथे पाईप बसलाय किंवा जोड सरकलाय. कॅमेरा असलेला माणूस मिळत असेल तर एकदा आतलं चित्रीकरण करून घ्या. कॅमेरा कुठे अडतो त्या अंतराचा आकडा आणि व्हिडिओ दोन्ही मागून घ्या. कॅमेरा आणि दुरुस्ती एकाच माणसाची असेल तर व्हिडिओ दुसऱ्या प्लंबरलाही दाखवा.

ॲसिड ओतू नका. तुपकट गोळा त्याने हलत नाही, चेंबरचं सिमेंट खाल्लं जातं आणि सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात.

५. आपल्याकडे पाईप का फुटतात

मुख्य कारण पायाखाली आहे. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराच्या बोळातही कोब्याखाली असतात. माती वर-खाली होते आणि तिच्यात घट्ट बसलेला पाईप तिच्याबरोबर हलतो. सिमेंटचा जोड वाकत नाही, तो तडकतो. गळणारं पाणी तेवढ्याच जागेची माती कायम ओली ठेवतं, ती फुगते, आणि पुढचा जोड जातो. म्हणून एक जोड दुरुस्त केला की वर्षाने शेजारचा फुटतो.

यावर दोन उपाय आहेत: पाईपभोवती काळी माती ठेवायची नाही, आणि जोड थोडा हलू शकेल असा, म्हणजे रबर रिंगचा ठेवायचा. कामाच्या सगळ्या सूचनांमधली ही सगळ्यात महत्त्वाची. मिस्त्री म्हणेल, "निघालेलीच माती परत टाकू, मुरमाचे पैसे वाचतील." ते ऐकलं तर हेच काम पाच वर्षांत पुन्हा करावं लागतं.

कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर लाईनपासून दहा फुटांच्या आत असेल तर मुळं पाण्याच्या शोधात जोडात शिरणारच. झाड तोडायची गरज नाही. तेवढ्या भागात मधे जोड न येणारा सलग वीस फुटी पाईप टाका.

६. कागदपत्रं

सगळं काम तुमच्या हद्दीत असेल तर कागदांचा फारसा प्रश्न येत नाही. रस्ता फोडायचा असेल तर रस्ता खोदाईची परवानगी लागते. सोबत साधारण हे ठेवा:

- चालू वर्षाची घरपट्टी आणि नळपट्टी भरल्याची पावती
- मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हेचा उतारा) किंवा सातबारा आणि खरेदीखत
- बांधकामाचा मंजूर नकाशा, असल्यास
- आधार कार्डाची प्रत
- घर, शेवटचा चेंबर, रस्त्यातला मॅनहोल आणि मधलं अंतर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा
- परवानाधारक प्लंबरचं नाव आणि परवाना क्रमांक
- सोसायटी असेल तर ठरावाची प्रत

घरपट्टीची थकबाकी असेल तर अर्ज तिथेच अडतो, ती आधी भरा. रस्ता दुरुस्तीचं शुल्क रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे मीटरवर आकारलं जातं. डांबरी आणि काँक्रीट रस्त्याचा दर मातीच्या रस्त्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून नकाशात अंतर मोजूनच लिहा, अंदाजे जास्त लिहिलं तर शुल्कही जास्त. पावसाळ्यात ही परवानगी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. रस्त्यातलं काम असेल तर फेब्रुवारी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा काळ धरा. माती कोरडी असते, खड्ड्याच्या बाजू ढासळत नाहीत आणि पाणी उपसावं लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळणं अवघड, तो काळ टाळलेला बरा.

७. खर्चाचा हिशोब स्वतः करा

एक नेहमीचं काम धरू. मागच्या संडासापासून फाटकापर्यंत तीस फूट लाईन, चार इंची (११० मिमी) पाईप, बोळात कोबा, सरासरी खोली तीन फूट, चराची रुंदी दोन फूट, दोन नवे चेंबर. मापं खरी आहेत. दर मात्र केवळ हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत, त्या जागी तुमच्या गावचे आजचे दर घाला. इथे बिगारीची रोजी ६०० आणि गवंड्याची ९०० धरली आहे.

- ६० चौरस फूट कोबा फोडणे, २ बिगारी: १,२००
- खोदाई ३० × २ × ३ = १८० घनफूट, म्हणजे १.८ ब्रास, ३ बिगारी: १,८००
- पाईप दहा फुटी ३ नग, ८०० प्रमाणे: २,४००
- बेंड, वाय, कपलर, रबर रिंग: १,२००
- पाईपभोवती एक फूट थर चाळलेला मुरूम किंवा क्रश सँड, दबून ०.७५ ब्रास: ३,०००
- त्यावरचा मुरमाचा भराव, सव्वा ब्रास: १,९००
- दोन चेंबर (आतून २ × २ × ३ फूट, नऊ इंची भिंत) मिळून ७०० विटा: ६,३००
- दोन झाकणं: २,०००
- सिमेंट ९ गोण्या (५ चेंबरना, ४ चार इंची काँक्रीटला): ३,२४०
- वाळू आणि खडी: २,७५०
- गवंडी आणि त्याचा बिगारी, प्रत्येकी ३ दिवस: ४,५००
- प्लंबर १ दिवस: १,०००
- माती आणि राडारोडा, ट्रॅक्टरच्या २ खेपा: २,०००

बेरीज ३३,२९०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरा, म्हणजे साधारण ३६,६००. कंत्राटदार असेल तर त्याचा नफा वेगळा.

या यादीत पाईप २,४०० चा आहे, म्हणजे शंभरातले सात रुपये. यावरून दोन गोष्टी कळतात. स्वस्त पाईप घेऊन काहीच वाचत नाही. पाईप निम्म्या किमतीला मिळाला तरी बेरजेत बाराशेचा फरक पडतो, आणि तो फुटला तर बाकीचे तीस हजार पुन्हा. दुसरं, जुने चेंबर शाबूत असतील तर ते पाडू नका. आतून १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) गिलावा केला, तळाला अर्धगोल नाळ नीट केली की तेच वापरता येतात आणि विटा, झाकणं, गवंड्याची मजुरी मिळून मोठी रक्कम वाचते.

खोली वाढली की खर्च सरळ प्रमाणात वाढत नाही. पाच फुटांच्या खाली माती दोनदा उचलावी लागते आणि बाजूंना फळ्यांचा आधार लागतो. दीड मीटरपेक्षा खोल चर आधाराशिवाय ठेवू नये. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी दिसते आणि पाणी लागलं की एकदम बसते. काढलेली माती चराच्या काठापासून दोन फूट लांब टाकायला लावा.

दर पडताळायचे असतील तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा. खोदाई, मुरूम, काँक्रीट, पाईप अंथरणे, प्रत्येकाचा दर तिथे असतो. लहान कामाला बाजारात त्यापेक्षा जास्त लागतात, पण दुप्पट मागत असेल तर कारण विचारायला आधार मिळतो. मालाच्या बिलावर जीएसटी बघा: पीव्हीसी पाईपवर १८ टक्के, सिमेंटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के.

८. काम देताना

"तीस फुटांचे उक्ते इतके" अशा एका आकड्यावर काम देऊ नका. वरच्यासारखी बाबवार यादी दोघा-तिघांकडून घ्या. तिच्यात राडारोडा उचलणं, फरशी पूर्ववत करणं आणि मुरूम हे तीन शब्द आहेत का ते आधी शोधा. भांडणं याच तीन गोष्टींवर होतात.

जमलं तर माल स्वतः घ्या. जमिनीखाली घराच्या लाईनला आयएस १५३२८ चा पाईप योग्य, तो तपकिरी-नारिंगी रंगाचा असतो. चार इंचीला बरेच जण एसडब्ल्यूआर (घराच्या सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा पाईप) वापरतात; तो घ्यायचाच तर आयएस १३५९२ आणि "टाइप बी" असा छाप बघा. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपला आहे, तो पातळ असतो आणि गाडला की दबतो. जळगाव पाईपचं गाव आहे, तिथे बिनशिक्क्याचा पाईपही स्वस्तात मिळतो. जमिनीखाली तो नको.

मजुरी तीन टप्प्यांत द्या: खोदाई आणि पाईप बसल्यावर, चाचणी झाल्यावर, कोबा झाल्यावर. दहा टक्के पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत राखून ठेवा आणि हे सुरुवातीलाच बोलून घ्या. भराव नीट दाबला नसेल तर पहिल्याच पावसात कोबा खचतो.

९. काम चालू असताना काय बघायचं

ढाळ. चार इंची पाईपला दहा फुटांना तीन इंच, सहा इंचीला दहा फुटांना दोन इंच. आपल्या तीस फुटांत दोन टोकांच्या उंचीत नऊ इंचांचा फरक हवा. नजरेने ठरवू देऊ नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना पातळी घ्या आणि तिथून पाईपच्या माथ्यापर्यंत मोजा. ढाळ कमी पडला तर मैला बसतो. फाटकाजवळची गटार उथळ असल्याने ढाळ मिळत नसेल, तर हे खोदण्याआधीच कळायला हवं, म्हणून पहिलं माप शेवटच्या चेंबरच्या तळाचं घ्या.

तळ. चराचा तळ चार इंच जास्त खोदून तिथे चाळलेला मुरूम किंवा क्रश सँड. दगडगोट्यावर पाईप टेकला की तिथेच तडा जातो. पाईपच्या सॉकेटखाली (पुढचा पाईप आत बसतो त्या रुंद तोंडाखाली) हाताने खोबण करा, नाहीतर पाईप फक्त सॉकेटवर तोललेला राहतो आणि मधे झोल पडतो.

जोड. सॉकेटचं तोंड नेहमी पाणी येतं त्या बाजूला. रबर रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको. पाईप पूर्ण आत गेला की पेन्सिलने खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. हे १० मिमी विसरलं जातं आणि आपल्याकडच्या उन्हात ते फार महाग पडतं. ४५ अंशांत तापलेला वीस फुटी पाईप मातीखाली थंड झाला की साधारण ८ मिमी आखडतो. खूण न करता कमी आत घातला असेल, तर जोड ताणतो किंवा सुटतो. जागाच ठेवली नसेल, तर पाईप तापून लांबताना जोडावर दाब येतो. मे महिन्यात पाईप सावलीत ठेवा आणि सकाळी अकराच्या आत बसवा.

वळण. ९० अंशांचा एक बेंड घालण्याऐवजी ४५ चे दोन. दोन लाईन मिळतात तिथे टी (काटकोनी फाटा) ऐवजी वाय (तिरका फाटा). दिशा बदलते तिथे चेंबर. आणि पुढे कुठेही पाईप लहान होऊ द्यायचा नाही.

पावसाच्या पाण्याचा पाईप या लाईनला जोडू नका. गच्चीवरचं पाणी एका सरीत लाईन भरून टाकतं आणि तळमजल्याच्या मोरीतून बाहेर पडतं.

नळाची लाईन. ती त्याच चरात टाकून "एकाच खोदाईत दोन कामं" करायचा मोह होतो. करू नका. आपल्याकडे नळाला पाणी दोन-चार दिवसांआड येतं. मधल्या दिवसांत नळाचा पाईप रिकामा असतो आणि भोवतालचं घाण पाणी सांध्यातून आत ओढलं जातं. बोळ अरुंद असेल तर नळाचा पाईप निदान समोरच्या भिंतीला आणि वरच्या पातळीत ठेवा.

गाडीखालचा भाग. जिथे मोटार उभी राहते आणि पाईप दोन फुटांपेक्षा वर आहे, तिथे पाईपभोवती चार इंच काँक्रीट द्या.

१०. बुजवण्याआधी चाचणी

उघड्या चरातच तीन गोष्टी करा. खालचं तोंड बूच लावून बंद करा, वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर प्रत्येक जोडाखाली हात फिरवा. ओला मुरूम लगेच हाताला लागतो. मग पाणी सोडून द्या आणि वरच्या टोकाला आरसा धरून उन्हाची तिरीप पाईपात टाका. खालून बघणाऱ्याला पूर्ण गोल उजेड दिसायला हवा. चंद्रकोर दिसली तर मधे पाईप वाकलाय किंवा बसलाय. शेवटी पाईपच्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू वरून सोडा. तो आपोआप खालच्या चेंबरमध्ये यायला हवा. अडला तर आत सिमेंटचा गोळा किंवा रिंग निघालेली आहे.

हे सगळं पार पडल्यावरच भराव. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने दाबलेला. पाईपच्या माथ्यावर एक फूट भराव होईपर्यंत धुम्मस थेट पाईपवर मारू नये, फक्त बाजूंना.

चेंबरचं झाकण फरशीखाली गाडू देऊ नका. दिसायला चांगलं वाटत नाही म्हणून लोक झाकणावर टाईल लावतात, आणि पुढच्या वेळी चेंबर शोधायलाच अर्धं अंगण फोडावं लागतं. टाईल हवीच असेल तर चौकटीत बसणारं, टाईल जडवता येणारं झाकण मिळतं, ते घ्या.

चर उघडा असतानाच मोजपट्टी पाईपशेजारी ठेवून फोटो काढा. घराच्या भिंतीपासून पाईपचं अंतर, प्रत्येक चेंबरची खोली आणि वळणाची जागा एका कागदावर लिहा आणि तो कागद घरपट्टीच्या पावत्यांच्या फाईलमध्ये ठेवा. दरवर्षी मे अखेरीस सगळी झाकणं उघडून दोन बादल्या पाणी सोडून बघा, म्हणजे दुरुस्ती लागलीच तर पावसाच्या आधी हाताशी आठ-पंधरा दिवस असतात.